नूतनीकरण झालेलं जुनं घर घेताना: काय केलं यापेक्षा कुठल्या क्रमाने केलं ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शहराच्या जुन्या, ऐतिहासिक म्हणून जपल्या जाणाऱ्या भागात शंभर वर्षांहून जुनं एक स्वतंत्र दुमजली घर विकायला आहे. आताच्या मालकाने ते विकत घेतलं, पाच महिन्यांत नूतनीकरण उरकलं आणि लगेच बाजारात आणलं. बाहेरून जुना चेहरा कायम, आत सगळं नवं. खालची मधली भिंत काढून एक मोठी खोली केली आहे. सगळीकडे ताजा गिलावा, ताजा रंग. फक्त जिन्याखालच्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, रंग किंचित फुगलेला तुम्हाला दिसला. विक्रेता म्हणाला, "नवा रंग आहे, बसेल." घर घ्यावं का, आणि तो फुगवटा किती मनावर घ्यावा, असं तुम्ही विचारलं आहे.

मी वीसेक वर्षं जुन्या घरांची तपासणी आणि दुरुस्ती करते. त्या अनुभवावरून सांगते, फुगवट्याच्या आधी मला तुमच्या प्रश्नातले "पाच महिने" खटकले. जुन्या भिंतीत वर्षानुवर्षं मुरलेली ओल वाळायला किती वेळ लागतो, याचा आमच्या कामातला ढोबळ अंदाज महिन्याला 25 मिमी जाडी असा आहे. तोही हवा खेळती असेल तर. शंभर वर्षांपूर्वीच्या घराची बाहेरची भिंत 450 मिमी जाड असणं अगदी सामान्य आहे. म्हणजे ओलीचं कारण बंद केल्यानंतर ती पूर्ण वाळायला दीड वर्ष लागू शकतं. पाच महिन्यांत छप्पर, नळ, वायरी, गिलावा, फरशी, रंग, स्वयंपाकघर एवढं सगळं झालं असेल, तर भिंत मुळात ओली असल्यास ती ओलीच झाकली गेली आहे. भिंत कोरडीच होती, हेही शक्य आहे. म्हणून मी घर वाईट आहे असं म्हणत नाही. पण कुठली फरशी बसवली, नळ कुठल्या कंपनीचे आहेत, हे विचारण्याऐवजी कामं कुठल्या क्रमाने केली आणि दोन कामांमध्ये किती दिवस गेले, हे विचारा. चांगल्या कामाचा क्रम ठरलेला असतो: आधी छप्पर आणि पन्हळी, मग जमिनीवरचं पाणी, मग पाया, भिंती आणि तुळया, त्यानंतर नळ आणि वायरिंग, मग वाळण्यासाठी थांबणं, आणि सगळ्यात शेवटी गिलावा आणि रंग. हा क्रम पाळणाऱ्या मालकाकडे उघड्या भिंतींचे फोटो हमखास असतात, कारण कारागिरांशी बोलताना रोज लागतात. ते फोटो मागा. माझ्या दृष्टीने ते कुठल्याही हमीपत्राहून मोलाचे आहेत.

आता ओलीबद्दल सविस्तर सांगते, कारण जुन्या घरांत पैसे बुडतात ते बहुतेक वेळा इथेच.

जुनी भिंत आणि नवी भिंत पाण्याशी दोन वेगळ्या पद्धतींनी वागतात. जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 साली घेतलं, पण साध्या घरांच्या बांधकामात ते सर्रास यायला पुढे बराच काळ गेला. त्यामुळे तुम्ही बघताय त्या वयाचं घर बहुधा चुन्यात किंवा मातीत बांधलेलं असतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो, आणि घट्ट झाल्यावरही त्यात बारीक छिद्रं राहतात. जमिनीतून थोडं पाणी वर चढतं, पावसाचं थोडं आत शिरतं, आणि कोरड्या दिवसांत ते सगळं पृष्ठभागावरून उडून जातं. त्या भिंतीत जोत्याला ओलरोधक थर बहुधा नसतोच. पाणी आत येणार हे गृहीत धरून ते बाहेर जायची वाट मोकळी ठेवलेली असते.

त्याच भिंतीवर कोणी कडक सिमेंटचा गिलावा चढवला, वर पुट्टी आणि धुता येणारा चकचकीत रंग दिला, की ती वाट बंद होते. पाणी यायचं थांबत नाही, जायचं थांबतं. मग ते आतल्या आत वर चढतं आणि जिथे फट मिळेल तिथून बाहेर पडायला बघतं. पाण्याबरोबर क्षार येतात. पाणी उडून गेलं की क्षारांचे स्फटिक होतात, त्यांना जागा लागते, आणि ते वरचा थर उचलतात. गवंडी ज्याला लोणा म्हणतात तो हाच. तुमच्या जिन्याखालचा फुगवटा असा असेल, तर तो रंग बसणार नाही, उलट पुढच्या पावसाळी दिवसांत तिथून पोपडे सुटू लागतील. मात्र नव्या फरशीखालून गेलेला एखादा नळ झिरपत असेल, तरीही रंग तसाच फुगतो. ते तुलनेने सोपं दुखणं आहे. नुसतं बघून या दोन्हींत फरक करता येत नाही.

फरक करण्यासाठी मी काय करते ते सांगते. भिंतीवर बोटाच्या पेराने, जमिनीपासून वर दीड मीटरपर्यंत, वीतवीत अंतरावर टकटक करायची. घट्ट धरलेल्या गिलाव्याचा आवाज भरीव येतो, सुटलेल्याचा पोकळ. पोकळ आवाजाची वरची हद्द पेन्सिलीने खुणावत गेलं की ओलीचा आकार भिंतीवर उमटतो. साधारण मीटरभर उंचीपर्यंत आडवा, सलग पट्टा मिळाला तर पाणी जमिनीतून येतंय असा संशय घ्यायचा. एकाच ठिकाणी गोल किंवा उभा डाग असेल तर नळ, पन्हळ किंवा छपराचा सांधा तपासायचा. खुणा करण्याआधी मालकाला विचारा, पेन्सिल हलक्या हाताने चालवा. आणि शक्य असेल तर पाऊस होऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जा. खिडक्या आदल्या रात्रीपासून बंद ठेवायला सांगा. बंद घराचा वास खोटं बोलत नाही. आत शिरल्यावर सुगंधी फवाऱ्याचा दरवळ आला तर मी थोडा वेळ बाहेर जाऊन पुन्हा आत येते.

ओल मोजायचं दोन सुयांचं छोटं यंत्र हल्ली पुष्कळ लोक विकत घेतात. ते मुळात लाकडासाठी आहे. क्षार धरलेल्या भिंतीत ते कोरड्या जागीही मोठा आकडा दाखवतं, त्यामुळे भिंतीवरच्या त्याच्या आकड्यावर सौदा करू नका आणि मोडूही नका. लाकडावर मात्र जरूर वापरा. लाकडातलं पाण्याचं प्रमाण 20 टक्क्यांच्या आत असेल तर बुरशी सहसा धरत नाही; त्याच्या वर सतत राहिलं की कुजण्याची सुरुवात होते.

लाकडाचा मुद्दा निघाला म्हणून एक घर आठवतं. असंच, नवं केलेलं, सुंदर. वरच्या खोलीत लाकडी जमीन घासून पॉलिश केलेली होती. मालकाच्या परवानगीने मी बाहेरच्या भिंतीलगतची एक फळी सुताराकडून उचलवली. खालच्या तुळईचा मधला भाग टणक, पिवळसर, रंधा मारावा इतका चांगला. पण तिचं भिंतीत गेलेलं टोक काळं पडलेलं. मी पेचकस टेकवला, दाबला नाही, नुसता टेकवला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकावर ओलसर, तपकिरी, तंबाखूसारखा भुगा. तुळई इतकी वर्षं त्याच भिंतीत होती आणि टिकली होती. काही काळापूर्वी भिंतीला बाहेरून सिमेंटचा थर दिला गेला, भिंत वाळेनाशी झाली, आणि सगळी ओल त्या टोकांमध्ये जाऊन बसली. अशी टोकं ओळीने सात निघाली. खालून छत नवं, पांढरं, एकही तडा नाही. तेव्हापासून बाहेरची भिंत आणि लाकूड जिथे भेटतात ती निदान एक जागा उघडून बघितल्याशिवाय मी कुठल्याच घराबद्दल मत देत नाही.

आता काढलेल्या भिंतीबद्दल. प्रश्न असा: त्या भिंतीवर काय टेकलेलं होतं? वरच्या मजल्याच्या तुळया तिच्यावर येत असतील, किंवा तीच भिंत वर पुढे चढली असेल, तर ओझं मोठं आहे. अंदाज यावा म्हणून हिशेब देते. विटांची 230 मिमी जाड भिंत, 4 मीटर लांब आणि 3 मीटर उंच, एकटीच 5 टनांच्या आसपास भरते. त्यात वरची जमीन, सामान, माणसं वेगळी. हे ओझं आता एका लोखंडी तुळईवर असेल आणि तुळईची दोन टोकं बाजूच्या भिंतींवर. तुळई स्वतः मोडणं विरळ. त्रास होतो तो टोकांखाली. आधी सबंध भिंतीच्या लांबीवर पसरलेलं ओझं आता दोन वीतभर जागांवर येतं, आणि खालचं चुन्याचं किंवा मातीचं बांधकाम ते पेलायला मऊ पडतं. म्हणून टोकांखाली दगडाची किंवा काँक्रीटची रुंद बैठक लागते. ती आहे का हे गिलाव्याआड दिसत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरची गणितं आणि नकाशा असेल तर त्यात ती दाखवलेली असते. गणितंच नसतील, "आमच्या ठेकेदाराला अनुभव आहे" एवढंच उत्तर मिळालं, तर तुमच्या स्वतःच्या इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तुम्ही स्वतः काय बघू शकता? तुळईच्या बरोबर वरच्या खोलीत जा आणि दारं बघा. दार उघडंच ठेवून वरच्या कडेकडे नीट पाहा. कड एका बाजूला जास्त तासलेली, पाचरीसारखी तिरकी दिसली, तर दार बसवल्यानंतर चौकट हलली आहे आणि दार अडकायला लागल्यावर सुताराने ते तासलं आहे. जुनं दार तिरकं असेल तर ती शंभर वर्षांतली हालचाल असू शकते, आणि थांबलेलीही असू शकते. नवं दार तिरकं तासलेलं असेल तर घर या पाच महिन्यांत हललं असल्याचा संशय घ्या. हे मला कुठल्याही तड्यापेक्षा जास्त बोलकं वाटतं, कारण तडे बुजवतात, दाराची कड कोणी बुजवत नाही. मग वरच्या खोलीच्या जमिनीचा झोल, म्हणजे ती मध्ये किती खाली वाकली आहे, ते पाहा. सुटी दोरी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरली की कळतो. गिलावा केलेलं छत पेलणाऱ्या तुळईसाठी गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, लांबीला 360 ने भागून येतो तेवढा झोल ही नेहमीची मर्यादा धरतात, 3.6 मीटरच्या गाळ्याला ती 10 मिमी होते. ही मर्यादा माणसांच्या आणि सामानाच्या ओझ्यासाठी असते, आणि जुन्या लाकडी जमिनीत याहून जास्त झोल असतो, तेव्हा एवढ्यावरून घाबरू नका. मात्र नव्या लोखंडी तुळईवर तो नको.

तड्यांचं भय लोकांना फार असतं. केसाएवढे, 1 मिमीच्या आतले तडे ताज्या गिलाव्यात येतातच. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, एका टोकाला रुंद होत गेलेला तडा वेगळा. तो 5 मिमीच्या पुढे असेल तर इंजिनिअर हवाच. भिंतीच्या आत आणि बाहेर एकाच जागी तडा असेल तर त्याहून कमी रुंदीलाही.

वायरिंग आणि नळ थोडक्यात. बटणं नवी असणं म्हणजे वायर नवी असणं नव्हे. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून एक-दोन बटणपट्ट्या उघडून मागची वायर बघा. रबराच्या आवरणाच्या जुन्या वायरी कडक होऊन तडकतात, आणि अर्थिंग अर्ध्याच घराला असणं मी अनेकदा पाहिलं आहे. जस्त चढवलेले जुने लोखंडी नळ आतून गंजून अरुंद होतात. वरच्या मजल्यावरचे दोन नळ एकदम सोडा, धार मंदावली तर समजा. सांडपाण्याच्या वाहिनीत मात्र कॅमेरा घालून बघायचा खर्च जरूर करा. नूतनीकरण करणारे तिथे सहसा हात लावत नाहीत आणि जुन्या भाजक्या मातीच्या नळांच्या सांध्यांतून झाडांची मुळं आत शिरलेली असतात. स्वतंत्र घरात हा खर्च वाटून घ्यायला दुसरं कोणी नसतं. छप्पर, वाहिनी, कुंपणाची भिंत, सगळं एकट्या तुमचं.

बाहेर पडल्यावर भिंतीच्या पायथ्याशी बघा. नव्या अंगणाची फरशी आतल्या जमिनीपेक्षा निदान 150 मिमी खाली असायला हवी. लाकडी जमिनीखाली हवा जावी म्हणून जोत्यात ठेवलेले झरोके नव्या फरशीने किंवा गिलाव्याने बुजले असतील, तर आतल्या लाकडाचं आयुष्य मोजायला लागा. ही चूक मला सगळ्यात जास्त वेळा सापडते, आणि ती करणाऱ्याला आपण काही बिघडवलं असं वाटतही नाही. अंगण छान दिसत असतं.

ऐतिहासिक भागाच्या नियमांबद्दल मी सरसकट सांगू शकत नाही, ते त्या त्या शहराचे असतात. तरी एवढं नक्की विचारा: दर्शनी भाग, खिडक्या, छप्पर आणि काढलेली भिंत यांना लेखी परवानगी होती का? अनेक ठिकाणी विनापरवाना बदलाची जबाबदारी घराबरोबर नव्या मालकाकडे येते, आणि खिडक्या पूर्ववत करा अशी नोटीस तुमच्या नावाने येऊ शकते. कागद विक्रेत्याकडून घ्या, पण खात्री संबंधित कार्यालयातून करा. बदल किती करावा, याबद्दल ऑस्ट्रेलियातल्या वारसा जपणाऱ्यांनी बुर्रा चार्टर या त्यांच्या सनदेत मांडलेलं तत्त्व मला फार पटतं: गरजेपुरतं सगळं करावं आणि बाकी शक्य तितकं कमी बदलावं. जुने सांधे चुन्यानेच भरलेले, खिडकीचा कुजलेला खालचा भागच तेवढा कापून नवं लाकूड जोडलेलं दिसलं, तर त्या घरात हात लावणाऱ्याला जुनं बांधकाम कळत होतं असं मी समजते, आणि न दिसणाऱ्या कामाबद्दलही माझा विश्वास वाढतो.

तुमच्या हातातल्या गोष्टींवरही निर्णय अवलंबून आहे. माती चिकण असेल तर ती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, आणि पायाची काळजी वाढते. घरात लहान मुलं असतील तर जुन्या रंगाची तपासणी आधी करून घ्या. त्यात शिसं असू शकतं, आणि घासून काढला असेल तर त्याची धूळ फटींत राहिलेली असते. आणि सौद्यानंतर हाताशी किती पैसे उरतात? किमतीचा निदान दहावा हिस्सा पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर मी असं घर घ्यायला सांगत नाही, मग ते कितीही आवडलेलं असो.

आता तुमच्या घराबद्दल. विक्रेत्याला दोन जागा उघडायची परवानगी मागा: जिन्याखालच्या फुगवट्याशी तळहाताएवढा गिलावा, आणि वर बाहेरच्या भिंतीलगतची एक फळी. पुन्हा पूर्ववत करून द्यायचा खर्च तुमचा, असं लेखी द्या. प्रामाणिक विक्रेता कुरकुर करेल, पण सहसा देतो. नळ झिरपत असल्याचं निघालं तर दुरुस्ती करून घ्या आणि पुढे जा. ओल जमिनीची निघाली पण तुळयांची टोकं टणक असतील, तर खालचा सिमेंटचा गिलावा उतरवून, भिंत वाळू देऊन, चुन्याचा गिलावा करण्याचा खर्च आणि त्या काळात खाली राहता येणार नाही त्याची भरपाई किमतीतून वजा करून घ्या. टोकं कुजलेली निघाली, किंवा दोन्ही जागा उघडायला साफ नकार मिळाला, तर मी तुमच्या जागी असते तर घर सोडलं असतं.

विक्रेता मधल्या काळात तो कोपरा खरवडून पुन्हा रंगवून देतो म्हणाला तर नको म्हणा. पाहणी होईपर्यंत तो आहे तसाच राहू द्या. आजच फुगवट्याच्या कडेने पेन्सिलीची बारीक रेघ मारून, तारीख लिहून फोटो काढून ठेवा, आणि पुढच्या पावसानंतर रेघेच्या बाहेर गेलाय का ते बघा.